तुमचे सोताचे पैसे कुठं ठेवता जी?

बँकेच्या अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर उभं केलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘ग्राहकांनी घाबरून जाण्याचं कारण नाही.’ सानगडीच्या बाईंच्या वर्गात हे वाक्य तोंडातून निघालं की चित्रीकरण तिथेच थांबतं. मोबाइल खाली ठेवून बाई विचारतात, ‘साहेब, शाखा उद्या किती वाजता उघडणार एवढंच मी विचारलं होतं. घाबरण्याचा विषय तुम्ही काढला. आता ऐकणाऱ्याच्या मनात काय येईल?’ साहेब गप्प होतात. मागच्या रांगेतले कॅशियर हसू दाबतात, कारण पुढचा नंबर त्यांचाच असतो.

सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं, जुन्या किल्ल्याचं आणि धानाच्या बांध्यांचं गाव. बाईंची शाळा इथली, पुढचं शिक्षण नागपूरचं आणि नोकरी एका बँकेच्या जनसंपर्क विभागात. निवृत्तीनंतर त्यांनी बँका आणि पतसंस्थांच्या अधिकाऱ्यांना पत्रकारांशी बोलायला शिकवण्याचं काम हाती घेतलं. नागपुरात त्यांना सगळे ‘मॅडम’ म्हणतात, गावात त्या ‘बाई’च आहेत. नाव छापू नका, अशी त्यांची अट आहे. ज्या संस्थांत त्या शिकवतात, तिथल्या गोष्टी बाहेर न नेण्याचा शब्द त्यांनी दिलेला असतो, आणि तो पाळला तरच अधिकारी वर्गात मोकळेपणी बोलतात.

या प्रशिक्षणाची महानगरातली पद्धत त्यांनी जवळून पाहिली आहे. हॉटेलातला हॉल, दिवे, एखादे निवृत्त वृत्तनिवेदक, समोर व्यवस्थापकीय संचालक आणि दोन-तीन महाव्यवस्थापक. टाय कुठला घालावा, हात कुठे ठेवावेत, अडचणीचा प्रश्न आला तर आपल्या मुद्द्यावर कसं परतावं. यातलं बरंचसं उपयोगी आहे, असं बाई मान्य करतात. पण बँकेवर संकट येतं तेव्हा लोक महाव्यवस्थापकाला गाठत नाहीत, ते शाखेत येतात. तिथे खिडकीमागे बसलेल्या माणसाला कोणी काही शिकवलेलं नसतं आणि बँकेच्या वतीने पहिला शब्द त्यालाच बोलावा लागतो.

बँकेत बोलणं अवघड आहे ते कायद्याच्या कुंपणामुळेही. खातेदाराची माहिती बाहेर द्यायची नाही. रिझर्व्ह बँकेशी चाललेला पत्रव्यवहार उघड करायचा नाही. बँक शेअर बाजारात नोंदलेली असेल तर भावावर परिणाम करणारी माहिती आधी बाजाराला कळवायची, पत्रकाराला नंतर. सेबीने तर १ जून २०२४ पासून पहिल्या शंभर आणि १ डिसेंबर २०२४ पासून पहिल्या अडीचशे नोंदणीकृत कंपन्यांवर बाजारातल्या अफवांचा खुलासा करण्याची जबाबदारी टाकली आहे. बँकिंग नियमन कायद्याच्या ३६ एडी या कलमाप्रमाणे ठेवीदारांचा विश्वास डळमळावा अशा बेताने केलेली कृती हा गुन्हा ठरतो. अधिकाऱ्याला दहा गोष्टी ठाऊक असतात आणि त्यातल्या तीनच बोलता येतात. त्या तीन कोणत्या हे आधीच बसून ठरवलेलं नसलं, तर तो एकही बोलत नाही.

शब्दाचं वजन कळावं म्हणून बाई वर्गात गोव्यातलं उदाहरण सांगतात. १५ ऑगस्ट १९९७ ला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी यांनी तिथे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्यांच्या परिषदेत भाषण केलं. रुपयाचं मूल्य वास्तवापेक्षा चढं दिसतं, असा त्यातल्या एका भागाचा आशय होता. भाषण लिहून आणलेलं, तोलूनमापून केलेलं होतं. तरी बाजाराने त्यातून हवा तो अर्थ घेतला आणि रुपया घसरला. पुढे २२ मे २०१३ ला अमेरिकी काँग्रेससमोर बेन बर्नान्के यांनी एका प्रश्नाला उत्तर देताना रोखेखरेदी कमी करण्याची शक्यता बोलून दाखवली. ऑगस्ट संपता संपता रुपया डॉलरमागे ६८ च्या पलीकडे गेला होता. आपली चालू खात्यातली तूटही त्याला कारणीभूत होती, पण ठिणगी त्या उत्तराने पडली.

साकोली-लाखांदूरकडच्या शाखाधिकाऱ्याला वाटतं, ही मोठ्या लोकांची गोष्ट आहे, आपल्या बोलण्याने कुठला रुपया हलणार? बाईंचं उत्तर तयार असतं : रुपया हलणार नाही, पण गावातल्या ठेवी हलतील.

मग त्या पीएमसी बँकेवर येतात आणि इथे त्यांचा वेळ सगळ्यात जास्त जातो. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर कलम ३५ ए खाली निर्बंध घातले. सहा महिन्यांत एका खात्यातून फक्त हजार रुपये काढता येणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईतल्या शाखांपुढे माणसंच माणसं. कोणाच्या घरी दवाखाना, कोणाच्या घरी लग्न, कोणाच्या मुलांची फी. मर्यादा तीन दिवसांत दहा हजार झाली, ३ ऑक्टोबरला पंचवीस हजार, पुढे चाळीस, पन्नास आणि जून २०२० मध्ये एक लाख. बँकेच्या एकूण कर्जातला सत्तर टक्क्यांहून मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता, हे दरम्यान बाहेर आलं.

पहिल्याच दिवशी तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक जॉय थॉमस यांचा संदेश खातेदारांपर्यंत पोचला होता. जबाबदारी आपण घेतो आणि सहा महिन्यांची मुदत संपायच्या आत त्रुटी दूर करू, असा त्याचा मतितार्थ. ४ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली. बँक अखेर जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांसाठी दहा वर्षांपर्यंत लांबणारी परतफेड ठरली.

बाई तो संदेश वर्गाला उलगडून दाखवतात. पैसे अडकलेल्या माणसाला मुदत सांगितली की तो ती तारीख भिंतीवर लिहून ठेवतो. निर्बंध रिझर्व्ह बँकेने घातलेले, ते उठवणंही तिच्याच हातात. तिथे सहा महिन्यांचा वायदा करण्याचा अधिकार बँकेतल्या कोणालाही नव्हता. ‘जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन द्यायचं नाही,’ हे वाक्य त्या वर्गाकडून वदवून घेतात. मोठ्यांदा.

त्याच निर्बंधांच्या पत्रकात एक वाक्य असतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या अशा पत्रकांत ते हमखास येतं : या निर्देशांचा अर्थ बँकेचा परवाना रद्द झाला असा घेऊ नये. सरकारी कागदाच्या तळाशी असल्याने ते कोणी वाचत नाही. त्या सकाळी खिडकीवर सगळ्यात गरज याच वाक्याची असते. बाई कॅशियरला उभं करून ते घरच्या बोलीत म्हणायला लावतात : ‘बँक बंद नाही झाली जी. पैसे काढायवर रिझर्व्ह बँकेनं मर्यादा घातली हाय.’ पहिल्यांदा तो अडखळतो, कारण साहेबांसमोर असं बोलायची सवय नसते. तिसऱ्यांदा आवाज मोकळा होतो.

ब्रिटनमधल्या नॉर्दर्न रॉकची हकिगत त्या थोडक्यात सांगतात. १३ सप्टेंबर २००७ च्या रात्री बीबीसीने बातमी दिली, की या बँकेने बँक ऑफ इंग्लंडकडे तातडीची मदत मागितली आहे. मदत मिळणार होती, पण बँकेने ते आपल्या शब्दांत आधी सांगितलेलं नव्हतं. सकाळी शाखांपुढे रांगा लागल्या, संकेतस्थळ कोलमडलं आणि १७ तारखेला सरकारने ठेवींची हमी दिली तेव्हा कुठे लाट ओसरली. अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेत ९ मार्च २०२३ ला तर रांगाही दिसल्या नाहीत. लोकांनी मोबाइलवरून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले.

आपल्याकडच्या एका प्रसंगाचा मात्र त्या आवर्जून गौरव करतात. सप्टेंबर २००८ च्या शेवटी, लेहमन ब्रदर्स बुडाल्यानंतर, आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठली. रिझर्व्ह बँकेने बँक सुस्थितीत असल्याचं जाहीर केलं. त्या वेळी बँकेच्या वरिष्ठ पदावर असलेल्या चंदा कोचर यांनी पुढे मुलीला लिहिलेल्या पत्रात या दिवसांची आठवण सांगितली आहे. सुधा मेनन यांनी संपादित केलेल्या एका पुस्तकात ते पत्र आहे. शाखेत येणाऱ्या घाबरलेल्या ठेवीदाराला बसायला खुर्ची द्या, पाणी द्या, पैसे काढायचे असतील तर काढू द्या, पण काढण्याची गरज का नाही तेही समजावा, अशी सूचना शाखांना गेली होती. कोचर यांच्यावर नंतर गंभीर आरोप झाले आणि तो वेगळा विषय आहे. खुर्ची आणि पाणी यांचा विचार त्या कठीण आठवड्यात केला गेला, ही गोष्ट त्याने खोटी ठरत नाही.

बाईंच्या शिकवण्याला वळण दिलं ते भंडारा जिल्ह्यातल्या नोव्हेंबर २०१६ ने. ८ तारखेला नोटाबंदी जाहीर झाली. धान कापणीचे दिवस. लोकांकडे हलक्या धानाचे, मजुरीचे, उसनवारीचे पैसे, आणि तेही पाचशे-हजारच्या नोटांत. गावकऱ्यांची खाती बहुतेक जिल्हा बँकेत, कारण पीककर्ज सोसायटीमार्फत तिथूनच मिळतं. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा बदलायला आणि जमा करून घ्यायला मनाई केली. चार दिवस ज्या खिडकीत नोटा घेतल्या जात होत्या, त्याच खिडकीत पाचव्या दिवशी नकार. १० ते १४ नोव्हेंबरच्या दरम्यान जमा झालेल्या नोटाही या बँकांकडे पडून राहिल्या. त्या रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली.

बाई तेव्हा गावी आलेल्या होत्या. परिसरातल्या एका शाखेच्या दारावर इंग्रजी परिपत्रकाची झेरॉक्स चिकटवलेली होती, आत अधिकारी फोनवर आणि बाहेर पायऱ्यांवर गर्दी. म्हातारी माणसं पासबुक आणि नोटा कमरेला बांधून उभी. ‘बँक बुडाली म्हनते, खरं हाय का जी?’ हा प्रश्न एकाने विचारला आणि दहा जणांनी तो पुढे नेला. एका वार्ताहराने अधिकाऱ्याला गाठलं तर उत्तर मिळालं : वरून आदेश आहे, मी काही बोलू शकत नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं तेही तेच.

गर्दी शांत केली ती एका कारकुनाने. त्याने खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि निळ्या मार्करने मराठीत चार ओळी लिहिल्या. जुन्या नोटा इथे घेणं बंद आहे. तुमच्या खात्यातले पैसे आहेत तसेच आहेत. जुन्या नोटा साकोलीच्या राष्ट्रीयीकृत बँकेत ३० डिसेंबरपर्यंत भरता येतील. नवा आदेश आला की याच पुठ्ठ्यावर लिहू. पुठ्ठा त्याने खिडकीच्या गजांना सुतळीने बांधला. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवला. रांग संपली नाही, लोकांची अडचणही संपली नाही, पण बँक बुडाल्याची चर्चा त्या पायऱ्यांवर थांबली. त्या कारकुनाला असं लिहिण्याचा अधिकार कोणी दिलेला नव्हता. मिळायला हवा होता, असं बाई ठामपणे म्हणतात.

आता त्यांच्या प्रत्येक वर्गात पुठ्ठ्याचा सराव असतो. प्रसंग दिला जातो : सर्व्हर बंद पडला, शाखेत अपहार उघडकीला आला, निर्बंध लागले. दहा मिनिटांत चार ओळी लिहायच्या. काय थांबलं, काय चालू आहे, माणसाने आता कुठे जायचं आणि पुढची माहिती कधी मिळेल. अधिकारी पहिल्या ओळीतच ‘तांत्रिक कारणास्तव’ लिहितात. बाई ते खोडतात. ‘दिलगीर आहोत’ मात्र ठेवतात. शेवटची ओळ सगळ्यांना जड जाते, कारण तिथे वेळ लिहावी लागते. काही नवीन कळलेलं नसलं तरी संध्याकाळी चार वाजता दाराशी येऊन तेवढंच सांगायचं, हा नियम अधिकाऱ्यांना पटायला वेळ लागतो.

नागपूरच्या दैनिकांना बातम्या पाठवणारा इथला एक वार्ताहरही वर्गात येतो. तो आपली अडचण सरळ मांडतो. बातमी संध्याकाळी पाठवायची असते. बँकेने तोवर काही सांगितलं नाही, तर ‘प्रतिक्रिया देण्यास नकार’ एवढंच लिहिता येतं. रात्री नऊला आलेला सविस्तर खुलासा परवाच्या अंकात, आतल्या पानावर जातो. त्याचं स्वतःचं खातंही त्याच बँकेत आहे, हे ऐकून अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल होतो.

सराव मुलाखतीत तो हमखास विचारतो : ‘अमुक राइस मिलवाल्याचं कर्ज किती थकलं?’ गावात सगळ्यांना अंदाज असतो, म्हणून टाळाटाळ लगेच उघडी पडते. बाईंनी घटवून घेतलेलं उत्तर असं : ‘कुठल्याही एका खातेदाराची माहिती मी देऊ शकत नाही. उद्या कोणी तुमच्या खात्याबद्दल विचारलं, तरी हेच सांगेन. बँकेचं एकूण थकीत किती ते वार्षिक अहवालात छापलेलं आहे, पान काढून देतो.’ त्यात नकार आहे, कारण आहे आणि हातात द्यायला काहीतरी आहे. अहवाल मात्र खरोखर टेबलावर असावा लागतो. पुष्कळ शाखांत तो कपाटात कुलूपबंद असतो.

सानगडीतला वर्ग वेगळा ठरतो तो दुपारनंतर. धान घरात आलेलं असतं, झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू असतो, लोकांना जरा उसंत असते. अशा दिवसांत बाई बचत गटाच्या बायकांना आणि चार-सहा शेतकऱ्यांना बोलावतात आणि प्रश्न विचारण्याचं काम त्यांच्याकडे देतात. वृत्तनिवेदकासमोर न डगमगणारे अधिकारी इथे घामाघूम होतात. एका वर्गात गटाच्या सचिव असलेल्या एका बाईंनी पदर सावरत विचारलं, ‘साहेब, तुमचे सोताचे पैसे कुठं ठेवता जी?’

अधिकाऱ्याने क्षणभर आपल्या बाईंकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग तो म्हणाला, पगार इथेच जमा होतो, पण मुलीच्या शिक्षणासाठीची मुदत ठेव साकोलीच्या सरकारी बँकेत आहे. बायकांत कुजबुज झाली. सचिवबाई म्हणाल्या, ‘खरं बोलले.’ आणि लगेच, ‘मंग आमी कायले इथं ठेवावं?’

इथून पुढचा अर्धा तास त्या वर्गातला सगळ्यात मोलाचा ठरला. अधिकाऱ्याला ठेवविम्याबद्दल नीट सांगावं लागलं. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या विदर्भातली, अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचं संरक्षण मिळालं, सुरुवातीला दीड हजार रुपयांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख आहे. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही द्यावं लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. सरकारी बँक असो की जिल्हा बँक, विमा सारखाच. गटाचे पैसे या मर्यादेत बसतात, आणि कर्ज, सोसायटी, शाखा हे सगळं इथे जवळ आहे, असं अधिकाऱ्याने सांगितलं. ते बायकांना पटलं की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

तेवढ्यात मागून एका शेतकऱ्याने विचारलं, ‘पतसंस्थेतल्या पैशाले बी हा विमा हाय का?’

नाही. पतसंस्थांना रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो, त्यांच्या ठेवींना हा विमा लागू होत नाही. हॉलमध्ये पतसंस्थेचे व्यवस्थापकही बसलेले होते आणि उत्तर त्यांनीच द्यावं असा बाईंचा आग्रह होता. ते उभे राहिले, ‘नाही’ म्हणाले, मग आपल्या संस्थेचं लेखापरीक्षण कोण करतं, वसुली किती आहे, राखीव निधी किती आहे ते सांगू लागले. काही आकडे त्यांना तोंडपाठ नव्हते. उद्या कार्यालयाच्या फलकावर लावतो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि लावले. या एका ‘नाही’ला लागणारं धैर्य कुठल्याही दूरचित्रवाणी मुलाखतीत लागत नाही. ठेवीदाराला हे संकटाच्या दिवशी कळण्यापेक्षा शांत दुपारी कळलेलं बरं, आणि ते संस्थेच्याच माणसाकडून कळलं तर विश्वास जास्त टिकतो, अशी बाईंची श्रद्धा आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला एक रुपयाही काढता येईना, तेव्हा बाईंना विदर्भातून फोनवर फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच : आमच्या शाखेत लोक विचारताहेत, काय सांगू? दोन आठवड्यांत पंचवीस हजारांपर्यंत मुभा मिळाली आणि ऑगस्टमध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पण त्या पहिल्या दोन आठवड्यांत, मुंबईशी काडीचा संबंध नसलेल्या शाखांतही, पासबुक भरून घ्यायला येणाऱ्यांची संख्या वाढली होती. ज्यांनी पुठ्ठ्याचा सराव केला होता, त्यांनी फोनवर काय सांगू असं विचारलं नाही. लिहिलेल्या ओळी वाचून दाखवल्या आणि यात काही चुकतंय का, एवढंच विचारलं.

सध्या बाईंचं लक्ष दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या एजंटांवर आहे. चहाटपरी, किराणा, सलून, भाजीची दुकानं असं रोज फिरून हे लोक दहा-वीस-पन्नास रुपये जमा करतात. संस्थेबद्दलची प्रत्येक शंका आधी त्यांच्या कानावर येते आणि त्यांचं उत्तर बाजारभर होतं. एका संस्थेच्या संचालक मंडळाकडे त्यांनी या एजंटांना वर्गात बसवण्याची मागणी केली, तर ते कमिशनवर आहेत, आमचे कर्मचारी नाहीत, असं उत्तर आलं. बाईंनी दुसरं पत्र लिहिलं आहे. त्यात कायदा नाही की उदाहरणं नाहीत. संस्थेच्या किती ठेवीदारांनी अध्यक्षांना कधी पाहिलं आहे आणि किती जणांनी एजंटाला आज सकाळी पाहिलं, एवढंच विचारलं आहे. पुढच्या बैठकीत विषय घेऊ, असा निरोप आहे. एजंट मात्र यायला तयार आहेत. त्यांची अट एकच, वर्ग संध्याकाळी सातनंतर, वसुलीचा भरणा झाल्यावर घ्या.